थंडीत पेटी उघडण्याआधी

(मधमाशी मंडळाच्या नोव्हेंबरच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी या सभेत मी थंडीच्या चार सूचना सांगतो आणि मग चहा येतो. या वर्षी सूचनांच्या आधी हिशेब द्यायचा आहे. तुमच्या देणगीतून आपण सुरगाण्याच्या बाजूच्या दहा घरांना सातेरी माशीच्या दहा पेट्या दिल्या. त्यांतल्या सहा आज भरलेल्या आहेत. तीन पेट्यांतल्या माश्या उठून गेल्या आणि एक पेटी मेली. उठून गेल्या त्या तिन्ही माझ्या सल्ल्याने गेल्या, हे मी आज इथे उभा राहून सांगितले नाही तर पुढच्या सूचना ऐकायला तुम्ही का बसावे?

झाले असे. एका हितचिंतकांनी मंडळाला मधमाशीपालनाचे एक सुंदर इंग्रजी पुस्तक भेट दिले होते. त्यात थंडीवर मोठे प्रकरण आहे. ते वाचून मी मागच्या नोव्हेंबरात तुम्हाला सांगितले की पेट्यांना गोणपाट गुंडाळा, दार अगदी बारीक करा, साखरेचा पाक भरपूर द्या. तुम्ही ऐकलेत. गोणपाटाने पेटीत हवा खेळेना, आत ओल धरली, आणि जुन्या काळ्या पोळ्यांत मेणपतंगाची अळी शिरली. त्यावर कळस म्हणजे डिसेंबरात पाहुणे आले तेव्हा मी सकाळी सातला, अंगावर शाल घेऊन, तीन पेट्या उघडून दाखवल्या. मध दाखवायचा म्हणून पिल्लांच्या कप्प्यातल्या मधाच्या दोन-दोन चौकटीही काढल्या. पंधरा दिवसांत तिन्ही पेट्या रिकाम्या.

त्यांतली एक पेटी ज्या ताईंची होती, त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, थंडीच्या दिसात तान्ह्या पोराचं पांघरूण कुणी काढतं का?" त्यांनी पुस्तक वाचलेले नव्हते. पिल्ले असलेल्या पोळ्याला माश्या चौतीस-पस्तीस अंश ऊब देतात, रात्रंदिवस, आपल्या अंगाने. बाहेर आठ-दहा अंश असताना झाकण काढले की ती ऊब एका मिनिटात जाते.

पुस्तक खोटे नाही. ते दुसऱ्या गावचे आहे. तिकडे थंडी म्हणजे चार-पाच महिने एकही फूल नाही. माश्या गोळा करून बसतात, साठवलेल्या मधावर जगतात, आणि मधपाळ वसंतापर्यंत पेटीला हात लावत नाही. आपल्याकडे माशीचे उपाशी दिवस थंडीत येत नाहीत, ते पावसात येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या डोंगरात असा पाऊस असतो की माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडली तरी फुलातला रस धुऊन गेलेला असतो. पाक द्यायचा तो त्या दिवसांत. दिवाळीच्या आगेमागे खुरासणी पिवळी होते आणि माशी पावसाळ्याच्या उपासातून उठते. म्हणजे तिकडची माशी ज्या दिवसांत दार लावून बसते, त्या दिवसांत आपली माशी संसार वाढवायला निघालेली असते. मी निघालेल्या माणसाला गोणपाटात बांधले.

दुसरे असे की ते पुस्तक दुसऱ्या माशीचे आहे. परदेशी माशी खूप सोसते. आपली सातेरी मानी आहे. खायला कमी पडले, किडीने त्रास दिला, कोणी सारखे उघडझाप केले, की ती भांडत नाही; उठून जाते. रानात तिला झाडाची ढोली आहे, खडकाची कपार आहे. आपली पेटी तिला लागतेच असे नाही, हे विसरून चालत नाही.

पेटीचा विषय निघाला म्हणून थोडे आडवळण घेतो. चौकटी काढता-घालता येतील अशी पेटी ज्यांनी केली ते लँगस्ट्रॉथ अमेरिकेतले पाळक होते. माशीला ये-जा करायला जेवढी फट लागते तेवढीच ठेवली तर ती तिथे मेण भरत नाही, हे 1851 मध्ये त्यांच्या ध्यानात आले आणि 1852 मध्ये त्यांनी त्या पेटीचे पेटंट घेतले. पण ती पेटी आपल्या लहान माशीला मोठी पडते. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी 1911 ते 1917 या काळात इथल्या माशीच्या मापाची लहान पेटी केली आणि खेड्यातल्या लोकांना ती शिकवली. आजही तिला न्यूटन पेटी म्हणतात. त्यांनी माशी आधी मोजली, मग पेटी केली. मी पुस्तक आधी वाचले.

आता या थंडीचे काम.

पेटी उघडायची ती ऊन चढल्यावर, दहाच्या पुढे, आणि माश्या जोरात ये-जा करताना. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पाच-सात मिनिटांत झाकण परत. पाहुणे आले तर त्यांना दारापाशी बसवा. पराग घेऊन येणारी माशी पाहणे हे पोळे पाहण्याइतकेच गोड असते. पेटीचे तोंड सकाळच्या उन्हाकडे, पाठ वाऱ्याकडे. गोणपाट काढून टाका. वर पालापाचोळ्याची किंवा गवताची झापडी घातली तर दंव अडते, तेवढे बास. तळपाट मात्र दर आठवड्याला सरकवून साफ करा, कारण खाली पडलेल्या मेणाच्या भुशातच मेणपतंग अंडी घालतो. काळी पडलेली रिकामी पोळी काढून घ्या आणि वितळवा, शेडमध्ये टांगून ठेवू नका. स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पावसात पाणी आपोआप राहत होते. आता ते वाळते आणि मुंग्या चढतात. हे काम मुलांना द्या.

खुरासणी संपली की आंब्याचा मोहोर येईपर्यंत मध्ये थोडे रिकामे दिवस जातात. त्या वेळी पेटी मागून उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलकी लागली तरच पाक द्या. साखर आणि पाणी निम्मे-निम्मे, कोमट करून, संध्याकाळी, पेटीच्या आत. बाहेर थेंब सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नका. आपल्याला गूळ बरा वाटतो, माशीचे पोट त्याने बिघडते. आणि ज्या पेटीला पाक दिला तिचा मध त्या काळात काढायचा नाही, विकायचा तर नाहीच. मिशनच्या नावाने बाटली जाते. आत साखर निघाली तर पुढच्या वर्षी कोणी दारात उभे करणार नाही.

मधाबद्दल थोडे कठोर बोलतो. पिल्लांच्या कप्प्यातला मध आपला नाही. वरच्या कप्प्यातला, मेणाने झाकलेला तेवढाच आपला. आपल्या भागात एका पेटीतून वर्षाला पाच-सहा किलो मिळाले तर मी खूष असतो. नाताळात घरी मध हवा म्हणून डिसेंबरात पेटी पिळायची घाई होते, मला ठाऊक आहे. सावर, जांभूळ फुलेपर्यंत थांबा.

जानेवारीत पोळ्याच्या खालच्या कडेकडे पाहायला लागा. आधी नरांची घरे दिसतील. आपल्या माशीत त्यांच्या टोपीला मधोमध बारीक भोक असते, एकदा पाहिले की चुकत नाही. त्यानंतर शेंगदाण्यासारखी खाली लोंबणारी राणीघरे आली की वसाहत फुटणार. ते झाकले गेले की जुनी राणी थवा घेऊन निघते. त्याच्या आत आपण विभागणी केली तर एका पेटीच्या दोन होतात. गेलेल्या चार पेट्या मला याच वाटेने भरून काढायच्या आहेत, नवी देणगी मागून नव्हे.

चौथ्या पेटीचे सांगायचे राहिले. फेब्रुवारीत आपण ती खाली कांद्याच्या डोंगळ्यांत नेली होती. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि बी धरणारा भाग नंतर तयार होतो, म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागते. माशी असेल तर बी भरते. शेतकऱ्याला पेटी हवी होती, आपल्याला फुले हवी होती, सगळे जुळले. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी फुलकिड्यांसाठी फवारणी केली. दुपारी मी गेलो तेव्हा दारासमोर मूठ-मूठ माश्या पडलेल्या होत्या, काहींच्या पायाला परागाच्या गोळ्या तशाच. शेतकऱ्याला मी बोल लावत नाही. पेटी ठेवताना फवारणी कधी हे मी विचारले नव्हते, आणि माशी दिवसाच फुलावर असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. या वर्षी कोणाच्याही शेतात पेटी ठेवण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्यायच्या. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी नाही. करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर, आणि आपल्याला दोन दिवस आधी निरोप. निरोप आला की रात्री दाराला जाळी लावून पेटी हलवायची. पेटी उचलायला दोन माणसे आणि एक जीप लागते. जीप असलेल्या बंधूंनी आज चहाच्या वेळी मला भेटावे, यापेक्षा मोठी देणगी मी सध्या मागत नाही.

मंडळाचे बाकीचे कार्यक्रम थोडक्यात. वसतिगृहाच्या मोठ्या मुलांना सुतारकामात या वर्षी पेट्यांच्या चौकटी करायला देत आहोत. मापाची पट्टी एकच वापरायची, मागच्या खेपेला तीन पट्ट्यांनी तीन मापे झाली. मार्चआधी महाबळेश्वरला जाऊन मध संचालनालय आणि शेजारचे मांघर पाहायचे आहे. 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेले ते गाव आहे. आणि आग्यामोहोळ काढणाऱ्या आपल्या पाड्यावरच्या काकांना आपण एका संध्याकाळी बोलावले आहे, शिकवायला नव्हे तर ऐकायला. पेटता चुडा न लावता, नुसत्या धुराने, मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग फांदीवर तसाच ठेवता येईल का, हे त्यांच्याशी बोलायचे आहे. ते हो म्हणतील असे मला वाटते, पण उंच झाडावर रात्री चढणारे ते आहेत. दगडावर बसून सल्ला देणे सोपे असते.

ज्या तीन घरांच्या पेट्या माझ्यामुळे गेल्या, त्या घरांना विभागणीतल्या पहिल्या तीन वसाहती जातील. त्या ताईंकडे मी मागच्या आठवड्यात जाऊन आलो. रिकामी पेटी त्यांनी धुऊन, वाळवून, आतून जुने मेण चोळून ओट्यावर तोंड उगवतीला करून ठेवली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, दारातून दोन माश्या आत-बाहेर करून गेल्यात काल.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पेट्या पाहण्याचा सराव वसतिगृहाच्या मागे आहे. साडेदहाला या. त्याआधी येणाऱ्यांनी चहा घ्यावा, पेटीला हात लावू नये.