वालावरचा मावा आणि पाव किलो निंबोळी

आम्ही बचत गटातल्या बारा जणी. प्रत्येकीच्या दारापुढं किंवा मोरीच्या पाण्यावर थोडीफार परसबाग आहे, आणि आज आम्ही बोलणार आहोत ते माव्याबद्दल. थंडी पडली, मधेच दोन-चार दिवस आभाळ भरून आलं, की वालाचा शेंडा काळा दिसायला लागतो. हात लावला तर बोटं चिकट. खालची पानं कुणी पाक शिंपडल्यासारखी चकाकतात आणि मग त्यावर काजळी धरते. हा विषय तुमच्याही दारचाच आहे.

आधी सांगतो हा विषय घ्यावासा का वाटला ते. आमच्यातल्या एकीच्या घरी कपाशीवर फवारणी झाली, पंपात थोडं औषध उरलं. मालक म्हणाले, वालावर मावा पडलाय, टाकतो मारून. टाकलं. मावा मेला खरा, पण दुसऱ्या दिवशी तिच्या जावेनं त्याच वेलाच्या शेंगा तोडून भाजीला घेतल्या. चूल पेटायच्या आधी हिच्या लक्षात आलं म्हणून बरं. शेंगा खड्ड्यात पुरल्या आणि पुढचं सगळं फळ सोडून दिलं. जावेचं म्हणणं, "धुवून घेतल्या असत्या की." बायांनो, कपाशीवर माव्यासाठी मारतात ती बरीचशी औषधं आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती झाडाच्या रसात उतरतात. रसातलं विष वरून धुवून कसं जाणार? मोठ्या पिकाला किती दिवस थांबून तोडणी करायची हे बाटलीवर लिहिलेलं असतं. आपण तर परसातली भाजी एक दिवसाआड तोडतो, आणि लेकरं वेलावरची शेंग तशीच कच्ची खातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना किती माणसं दगावली ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते विष अंगणात आणायचं नाही, हे आमच्या गटानं ठरवलंय.

आता मावा म्हणजे काय ते बघू, कारण त्याचं कुळ कळलं की उपाय आपोआप कळतो. वाल-चवळीवरचा काळा, कोबीवरचा राख फासल्यासारखा, भेंडी-मिरचीवरचा पिवळट हिरवा. पानाखाली आणि कोवळ्या शेंड्यावर सोंड खुपसून तो रस ओढत बसतो. आपल्या हवेत माव्याच्या वसाहतीत बहुतेक सगळ्या माद्याच असतात. त्यांना नर लागत नाही, अंडी घालावी लागत नाहीत, त्या सरळ पिलंच देतात. पिलू आठ-दहा दिवसांत स्वतः बाळंत व्हायला लागतं. आणखी गंमत म्हणजे आईच्या पोटात लेक असते, तेव्हाच त्या लेकीच्या पोटात नात तयार होत असते. हे ऐकून आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "मग त्यांना सासरचा त्रास नसेल!" हसण्यावारी गेलं, पण हिशोब ध्यानात घ्या. आज दहा मावे दिसले आणि आपण म्हणालो "बघू पुढच्या सोमवारी", तर पुढच्या सोमवारी शेंडाच दिसणार नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे रोजची नजर. सकाळी झाडाला पाणी घालताना चार पानं उलटी करून बघायची. एखाद्याच शेंड्यावर असेल तर तो शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवून टाकायचा. वेलावर पसरला असेल तर नळीच्या तोंडावर बोट धरून जोराची धार पानाच्या खालच्या बाजूनं मारायची. सोंड निघून मावा खाली पडला की त्यातले फार थोडे परत वर चढतात. नळ नसेल त्यांनी तांब्यानं पाणी मारत हातानं चोळून काढलं तरी चालतं. तीन-चार दिवस लागोपाठ करायचं. आमच्यातल्या निम्म्या जणींचं काम एवढ्यावरच भागतं. लाकडाची चाळलेली राख सकाळी दवावर भुरभुरायची रीत जुनी आहे. कोबीच्या चार गड्ड्यांना ती पुरते, मांडवभर वेलाला पुरत नाही.

दुसरं, मुंग्या. वेलावर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा आहे असं समजा. मावा जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्या पितात, आणि त्या बदल्यात माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात. अगदी आपण गाय राखतो तशा. मांडवाच्या खांबाला जुन्या फडक्याची पट्टी बांधून तिला ग्रीस लावा, मुंग्यांची वाट तुटते. ग्रीस खोडाला लावू नका, खांबालाच.

आणि मावा खाणारे किडे ओळखा, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ठिपक्यांचा लाल-नारिंगी ढाल किडा सगळ्यांना माहीत असतो. तो एकटा दिवसाला पन्नासेक मावे खातो. पण त्याची अळी कुणी ओळखत नाही. काळपट, अंगावर नारिंगी खुणा, सहा पायांची, बारक्या मगरीसारखी दिसते. दिसली की आपण "अगं बाई, अळी!" म्हणून चिरडतो. ती पान खात नाही, मावाच खाते. तसंच माव्यांच्या घोळक्यात एखादा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा दिसला तर तो खुडू नका. त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिलू वाढतंय, ते बाहेर पडून पुढच्या माव्यांत अंडी घालणार आहे. कोथिंबीर आणि शेपूची दोन-चार झाडं कोपऱ्यात फुलू द्यावीत. त्या फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्यासुद्धा माव्यावरच जगतात. कुंपणातल्या रुईवर पिवळाधमक मावा दिसतो म्हणून रुई तोडू नका. तो मावा रुई-कण्हेरीच्या जातीवरच राहतो, आपल्या भाजीवर येत नाही. उलट ढाल किड्यांना तिथं आयतं घर मिळतं.

एवढं करूनही आवरलं नाही, तर निंबोळी अर्क. पाच टक्के अर्क म्हणजे एक लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी. परसबागेला पाच लिटर पुष्कळ होतो, म्हणून पाव किलो घ्यायची. वाळलेली निंबोळी खलबत्त्यात भरड कुटा. मिक्सरमध्ये नको, कडू वास महिनाभर चटणीला येतो! कूट फडक्यात सैल बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळत राहा, दुधासारखं पाणी निघेल. पिळून पिळून पाणी पिवळसर झालं की थांबा. दाट फडक्यानं गाळा, त्यात दहा ग्रॅम अंगाच्या किंवा कपड्याच्या वडीचा साबण किसून विरघळवा आणि एकूण पाच लिटर करा. धुण्याची पावडर घालू नका, कोवळी पानं करपतात. साबण घालायचा तो अर्क पानाला धरून बसावा म्हणून. अर्क त्याच दिवशी वापरायचा, आणि उन्ह कलल्यावर. कडुलिंबातला गुण उन्हात लवकर उतरतो. संध्याकाळी मधमाश्याही घरी गेलेल्या असतात. फवारा पानाच्या खालून. वरून शिंपडलेला अर्क माव्यापर्यंत पोचतच नाही. आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघा, मग बाकीवर. आठ दिवसांनी पुन्हा. मावा लगेच मेलेला दिसत नाही, म्हणून निराश होऊ नका. त्याचं खाणं मंदावतं, पिलांची वाढ अडते. कडवटपणा राहतो, तेव्हा तोडण्याजोग्या शेंगा फवारणीच्या आधीच काढून घ्या.

निंबोळी नसेल तर नुसतं साबणाचं पाणी चालतं, लिटरला पाच ग्रॅम. ते अंगाला लागलं तरच मावा मरतो आणि वाळलं की गुण संपतो, म्हणून चांगलं भिजवावं लागतं. अर्ध्या-पाऊण तासानं साध्या पाण्यानं झाड धुवून घ्या.

तंबाखूचा काढा आम्ही करत नाही. काही गावांत करतात, आणि झाडपाल्याचंच आहे म्हणून निर्धास्त असतात. तंबाखूतलं निकोटीन हे जबर विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं. घरात गरोदर बाई असेल, रांगतं लेकरू असेल तर त्या भांड्याच्या जवळही जाऊ नये.

युरियाची मूठ परसात टाकायची सवयही सोडा. पानं हिरवीगार, लुसलुशीत होतात आणि मावा अशाच पानांवर तुटून पडतो. कुजलेलं शेणखत बेतानं घातलेलं बरं.

एक ठिकाणी मात्र यातलं काही चालत नाही. पपईच्या पानांवर पिवळट चट्टे, पानं आकसलेली, फळावर गोल गोल कड्या दिसल्या तर तो विषाणूचा रोग. तो मावाच आणतो, पण एकदा झाडात शिरला की कुठल्याही अर्कानं जात नाही. झाड उपटून पुरून टाकायचं. जीव तुटतो, पण शेजारणीच्या पपईचा विचार करायचा.

आता या दिवसांत ताजी निंबोळी कुठून आणणार, असं तुम्ही विचाराल. यंदा कुणाकडं साठवलेली असेल तिच्याकडून वाटून घ्या, नाहीतर कृषी सेवा केंद्रातून निंबोळी तेल आणा आणि लिटरला पाच मिलि तेल साबणाच्या पाण्यात घोटून वापरा. पुढच्या साली मात्र ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडेल तेव्हा पोरांना टोपल्या देऊन पाठवा. गर चोळून धुवा, सावलीत खडखडीत वाळवा आणि गोणपाटात भरून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. आमच्या गटानं यंदा समाजमंदिरासमोरच्या दोन झाडांखाली गोळा केल्या. बारा घरांना वर्षभर पुरून वर दीड पायली उरल्यात. ज्यांना हव्यात त्यांनी गुरुवारच्या बैठकीला डबा घेऊन यावं.