कर्बवायू वाढला, संत्र्याला काय मिळालं?

(कळमेश्वर येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



झाड मातीतून वाढतं, असं आपण म्हणतो. पण संत्र्याच्या वाळलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कर्बाचं असतं आणि तो कर्ब येतो हवेतून. पानाच्या बारीक छिद्रांतून कर्बवायू आत जातो, उन्हाच्या बळावर त्याची साखर होते. हा कच्चा माल हवेत वाढतो आहे. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. मग संत्रा जास्त पिकायला हवा की नाही?

अमेरिकेत फिनिक्स शहरी हे तपासून पाहिलं गेलं. १९८७ साली आंबट संत्र्याची आठ झाडं लावली. चारांना साधी हवा, चारांना ३०० भाग जादा कर्बवायू. पहिल्या काही वर्षांत जादा वायूच्या झाडांची वाढ दुपटीच्या वर गेली, मग उतरली. सतरा वर्षांचा हिशेब केला तेव्हा लाकूड आणि फळं मिळून सुमारे ७० टक्के जास्त भरलं.

ऐकून बरं वाटतं. पण त्या झाडांना पाणी आणि खत कधी कमी पडू दिलं नव्हतं. आपल्याकडे काय होतं? एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जातो, विहीर तळाला लागते. पाण्याची ओढ बसली की झाड पानांची छिद्रं मिटून घेतं. दारच बंद, तर बाहेर माल कितीही पडलेला असो, काय कामाचा? उष्णता वाढली की पान धरलेल्या कर्बातला काही भाग हवेत परतही सोडतं. जादा कर्बवायूने ही गळती कमी होते, पण तोच वायू ऊनही तापवतो. आणि आंबियाची बारीक फळं नेमकी याच दिवसांत गळतात.

म्हणून आळ्यात गवताचं आच्छादन घाला, ठिबकचं पाणी उन्हाळ्यासाठी राखा. आणि उद्या कोणी म्हणालं, हवेमुळे तुमचं उत्पन्न आपोआप वाढणार, तर त्याला विचारा: प्रयोगातलं पाणी आमच्या बागेला कोण देणार? विहिरीचा, विजेचा, ठिबकचा खर्च संत्र्याच्या भावात कोण धरणार? हवा फुकट आहे. तिची साखर करायला लागणारं पाणी फुकट नाही.