घरचा बोका आणि नवें पिल्लूं

पावसांत भिजलेलें मांजराचें पिल्लूं मुलें उचलून घरीं आणतात, आईपाशीं हट्ट धरतात, आणि तें ठेवून घेण्याचें एकदांचें ठरतें. या मसलतींत घरच्या बोक्याचें मत कोणी विचारीत नाहीं. पिल्लूं त्याच्यापुढें ठेवलें जातें. तो पाठीची कमान करून फिसकारतो, आणि मंडळी त्यालाच दुष्ट ठरवितात.

वस्तुतः त्यांत दुष्टपणा नाहीं. पाळीव मांजर आफ्रिकेंतील रानमांजराच्या कुळांतलें. एकट्यानें हिंडावें, एकट्यापुरती शिकार करावी, ही त्याची मूळ रीत. बोका दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घांसतो, तेव्हां गालांतील ग्रंथींचा वास तेथें ठेवीत असतो. त्या वासानेंच घर त्याला आपलें वाटतें. परक्या वासाचें पिल्लूं म्हणजे सनदेवांचून शिरलेला उपरा! निर्बीजीकरण न झालेला बोका तर परक्या पिल्लाचा जीवहि घेऊं शकतो. तें आधीं पशुवैद्याकडून करवून घ्यावें व नंतरहि कांहीं आठवडे थांबावें.

म्हणून ओळख प्रथम नाकाची, मग डोळ्यांची. पिल्लूं पशुवैद्यास दाखवून वेगळ्या खोलींत ठेवावें. एकाच्या अंथरुणावरचें फडकें दुसऱ्याजवळ ठेवावें. बंद दाराच्या दोन अंगांस दोघांना जेवूं घालावें. बोका तेथें निश्चिंतपणें जेवूं लागला, कीं दार किंचित् उघडावें किंवा मध्यें जाळी लावावी. यास १०-१५ दिवस, कधीं अधिकहि लागतात. मग माणसांच्या देखत पांच-दहा मिनिटांची भेट घडवावी. बोका फिसकारला तर त्यास मारूं नये; तो इशारा आहे, हल्ला नव्हे. मार खाल्ला तर त्या माराचा संबंध तो पिल्लाशींच जोडतो. मात्र त्यानें नजर रोखून शेपटी आपटण्यास आरंभ केला, तर भेट तेथेंच संपवावी. वाट्या निराळ्या असाव्या, आणि मातीचीं घमेलीं दोन मांजरांस तीन.

सर्वांत अधिक विसर पडतो तो बोक्याचा. पिल्लाच्या कौतुकांत त्याची वाटी उशिरां भरते, खिडकींतली जागा जाते, मांडी दुसऱ्याची होते. आपलें स्थान अढळ आहे अशी खात्री पटलेला बोकाच दुसऱ्यास जागा देतो. पुढें दोघे एकमेकांस चाटतीलच असें नाहीं. एकाच उन्हाच्या तुकड्यांत, हातभर अंतर राखून, दोघांनीं डोळे मिटले, तरी त्या घरानें पुष्कळ साधलें.