पावाचं श्रेय झाकणाला

मे महिन्याच्या या उकाड्यातही भट्टीबद्दल ऐकायला आलेले श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘न मळता घरचा पाव’ असा छापलाय. मी कळवलेला विषय ‘झाकण’ हा होता. चिटणीस म्हणाले, नुसतं झाकण म्हटलं तर पहिली रांगसुद्धा भरणार नाही. (हशा) त्यांचंही बरोबर असेल. पण माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये झाली. वाफ कोंडणं आणि वाफ सोडणं यापलीकडे मला फारसं काही येत नाही. तेव्हा पत्रिकेवर काहीही असो, बोलणार मी झाकणावरच.

मागची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. 8 नोव्हेंबर 2006 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मार्क बिटमन यांनी जिम लेही यांची कृती छापली. लेही म्हणजे न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीट बेकरीचे मालक. मैदा, पाणी, मीठ, चिमूटभर यीस्ट. कालवायचं, रात्रभर ठेवून द्यायचं, दुसऱ्या दिवशी भाजायचं. मळायचं नाही. जगभर बोलबाला झाला आणि लॉकडाउनमध्ये तो आपल्या ओट्यापर्यंत पोचला. ओल्या पिठात ग्लुटेन आपलं आपण कसं जुळून येतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. कणीक भिजवून अर्धा तास मुरू दिली की पोळी का मऊ होते, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. उरलेल्या निम्म्यांनी घरी गेल्यावर विचारावं. (हशा)

माझी तक्रार अशी, की सगळं कौतुक न मळण्याचं झालं. न मळता पाव ही काही 2006 सालची कल्पना नव्हे. सुझान डनवे या बाईंचं न मळण्यावरचं अख्खं पुस्तक 1999 मध्येच आलं होतं. मग खळबळ लेहींच्याच पावाची का उडाली? कारण तो पाव बेकरीतल्यासारखा दिसत होता. वरचं कवच पातळ, चकचकीत, तांबूस आणि कापताना कडकड वाजणारं. ते कवच मळल्याने येत नाही आणि न मळल्यानेही येत नाही. लेहींनी ते पीठ तापलेल्या जड भांड्यात टाकलं आणि वर झाकण ठेवलं. झालं ते त्या झाकणाने.

आत काय होतं ते जरा बघू. भांडं रिकामंच अर्धा तास 230 अंशांवर तापवलेलं असतं. त्यात खोलीच्या तापमानाचा ओला गोळा पडतो. तळाशी लागलेलं पाणी लगेच वाफ होऊन उठतं. आता हिशेब ऐका. एक ग्रॅम पाण्याची 100 अंशांना सुमारे 1.7 लिटर वाफ होते. तुमचं भांडं पाच लिटरचं असेल तर ते वाफेने भरायला तीन ग्रॅम पाणी पुरतं. तीन ग्रॅम! आणि गोळ्यात आहे 300 ग्रॅम. ही वाफ गोळ्याच्या त्या मानाने गार पाठीवर पुन्हा पाणी होऊन बसते, आणि बसताना दर ग्रॅममागे 540 कॅलरी उष्णता तिथे टाकते. कोरडी गरम हवा हे करू शकत नाही. बॉयलरवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, वाफेचा चटका आणि गरम हवेचा चटका यांत काय फरक असतो ते.

त्या ओलाव्यात वरचा स्टार्च फुगून खळीसारखा होतो. पाठ ताणता येईल इतकी ओली राहते, म्हणून आतला वायू तिला हवी तेवढी वर उचलतो. उघड्या ओव्हनमध्ये हीच पाठ सुरुवातीलाच वाळून टणक होते आणि पाव तिथल्या तिथे अडतो. अर्ध्या तासाने झाकण काढायचं. मग ती खळी सुकते, 140-150 अंशांच्या पुढे जाते आणि तांबूस होते. लोक ओव्हनमध्ये पाण्याचे फवारे मारतात. घरच्या ओव्हनला फटी असतात, वाफ निघून जाते. बेकरीवाले वाफ सोडणाऱ्या लाखांच्या भट्ट्या घेतात. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, लाकडाची भट्टी पावांनी गच्च भरून दार लावतो, तेव्हा त्या पावांचाच ओलावा त्याला वाफ पुरवतो. एका पावासाठी एवढी मोठी भट्टी आपण कुठून आणणार? तर हे भांडं म्हणजे एका पावाची भट्टी, आणि तिचं दार आडवं.

“आमच्याकडे ही पद्धत होती का?” असा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. होती ना! कोकणात धोंडस कसं करायचे? खाली निखारे, झाकणावर निखारे. पण पाव मात्र आपल्या स्वयंपाकघरात झाला नाही. घरात भट्टी नव्हती हे एक, आणि पावाला विटाळ होता हे दुसरं. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी आपण ऐकल्यात. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायल्यावरून उठलेलं वादळ शाळेत शिकलोय, ते सोडतो. परमहंस सभा मात्र सोडवत नाही.

1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी ही सभा काढली. जातिभेद मोडायचा, पण गुप्तपणे. आत यायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं. आज आपण वडापाव चालता चालता खातो. त्या काळात एका घासाला वाळीत पडायची तयारी लागायची. चांगल्या घरची, शिकलेली, इंग्रजी वाचणारी मुलं रात्री दारं लावून जमायची, तो तुकडा तोंडात घालायची आणि सकाळी घरी संध्या करायला हजर. त्यांना भित्रे म्हणणारे म्हणोत, मी म्हणणार नाही. वडील, सासरा, नोकरी, बहिणीचं लग्न, सगळं त्या तुकड्याला टांगलेलं होतं. दहा-अकरा वर्षं हे चाललं. मग 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून घबराट झाली आणि सभा विस्कटली. म्हणजे काय, तर झाकण उडालं. (प्रचंड हशा)

हसू नका, पुढचं ऐका. 1867 साली प्रार्थना समाज निघाला. या सभेतली काही मंडळी त्यात होती, आणि या वेळी सगळं उघड्यावर. आधी झाकण, मग उघडं! मी इतिहासाचा माणूस नाही, प्राध्यापकमहाशय, तुम्ही मान हलवताय ती कुठल्या बाजूला हे मला इथून दिसत नाही. (हशा)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. सात मिनिटं उरलीत म्हणे, आणि कृती तर राहिलीच. भराभर सांगतो. मैदा 400 ग्रॅम, पाणी 300, मीठ 8, इन्स्टंट यीस्ट 1 ग्रॅम म्हणजे पाव चमचा. वजनकाट्यावर मोजा, वाटीवर विसंबू नका. पीठ चिकट, सैल राहील. राहू द्या. घाबरून वर मैदा भुरभुरणाऱ्यांचाच पाव दगड होतो. लेही 12 ते 18 तास ठेवायला सांगतात, पण त्यांची खोली 21-22 अंशांची. आपल्याकडे आत्ता रात्रीसुद्धा तीस. रात्री दहाला कालवलंत तर पहाटे पाचला उठून बघा. 18 तास ठेवाल तर आंबट रबडी मिळेल. वरती बुडबुडे दिसले, पीठ दुप्पट झालं, की ओट्यावर काढा, चारही बाजूंनी एकदा घडी घाला आणि तास-दोन तास विसावू द्या. मग तापलेल्या भांड्यात. झाकून अर्धा तास, उघडं 15 ते 30 मिनिटं. बाहेर काढल्यावर तासभर सुरी लावू नका, आतला गर तोवर बसत असतो.

निम्मी कणीक चालेल का? चालेल, पाव कमी फुगेल आणि पाणी थोडं जास्त लागेल. अंडं नसतं, दूध नसतं. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली. चातुर्मासात चालेल का, ते तुमच्या गुरुजींना विचारा, माझं खातं वाफेचं. (हशा) मागून कोण म्हणालं, प्रेशर कुकर चालेल का म्हणून? नाही. शिट्टी काढून, रबर काढूनसुद्धा त्या झाकणाशी खेळू नका. बॉयलरवाल्याचा एवढा एक शब्द ऐका.

बिडाचं जाड भांडं घ्या. ते तुमच्या ओटीजीत झाकणासकट मावतं का, हे घेण्याआधी टेप लावून मोजा. आणि दुकानात झाकणाची मूठ आधी बघा. बऱ्याच झाकणांची मूठ बॅकेलाइटची असते आणि ती 230 अंशांत टिकत नाही. तसली असेल तर स्क्रू काढून लोखंडी मूठ बसवून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.