तीन जिवांचे वजन

भगिनींनो, आपल्याकडे गरोदर बाईला दोन जिवांची म्हणतात. पोटात जुळी असली म्हणजे ती तीन जिवांची! मग घरात दोन मते निघतात. एक आजी म्हणते, “पोरी, आता तिप्पट खा.” दुसरी म्हणते, “बेताने खा, मुले पोसली तर बाळंतपण अडेल.” माया दोघींचीही खरी, पण सल्ला मात्र एकीचाही ऐकू नये.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे भरण्यापूर्वीच जन्मतात. पुष्कळांचे वजन अडीच किलोही भरत नाही. आई मुळात कृश असेल, किंवा दिवसांत तिचे वजन पुरेसे वाढले नाही, तर हे दोन्ही धोके वाढतात. अशा इवल्या जिवाला अंगाची ऊब टिकवता येत नाही, दूध ओढायला ताकद पुरत नाही.

उलट आई आधीच स्थूल असेल तर रक्तदाब चढणे, गरोदरपणातला मधुमेह, पोट उघडून प्रसूती करावी लागणे, यांची शक्यता वाढते. जुळ्यांमुळे रक्तदाबाचे भय आधीच जास्त. त्यात ही भर.

मग वजन वाढावे तरी किती? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली याचा अंदाज दिला. समजा, पाच फूट उंचीच्या बाईचे वजन दिवस राहण्यापूर्वी ४८ किलो होते. जुळी असतील तर ते १७ ते २५ किलोंनी वाढावे. एकच मूल असते तर साडेअकरा ते सोळा पुरे होते. त्याच उंचीची बाई ६५ किलोंची असेल, तर तिला १४ ते २३ किलो पुरतात. म्हणजे स्थूल बाईनेही उपाशी राहायचे नाही! फार कृश बाईसाठी मात्र त्यांनी आकडा दिलेला नाही. तिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे. हे आकडे काळ्या दगडावरची रेघ नव्हेत. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच वजन करून कार्डावर लिहून घ्या आणि प्रत्येक तपासणीला पुन्हा करा. एका वेळी जेवण जात नसेल तर थोडे थोडे पाच-सहा वेळा खा. भाकरी, डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडे. लोहाच्या गोळ्या चुकवू नका. वजन एकाएकी चढले, तोंड-हात सुजले, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उद्यावर टाकू नका. तडक दवाखाना गाठा.

आणि आजीबाईंनो, पुढच्या तपासणीला सुनेबरोबर तुम्हीही जा. काटा काय सांगतो ते आपल्या डोळ्यांनी पाहा.