थायरॉईडची गोळी आणि सकाळचा चहा

गटाच्या बैठकीत हल्ली आम्हाला एक वाक्य फार ऐकू येतं, "मला थायरॉईड आहे." खरं तर थायरॉईड सगळ्यांनाच असतो! गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ती ग्रंथी आहे. शरीराचं काम किती वेगानं चालायचं, ते तिचा रस ठरवतो. रस कमी पडला की सगळं मंदावतं. थकवा येतो, वजन वाढतं, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, पाळीत जास्त जातं. घरचे म्हणतात, आळशी झाली. रस जास्त झाला तर छातीत धडधडतं, हात थरथरतात, खाऊनही वजन घटतं.

हे कळतं टीएसएच या रक्ततपासणीनं. इथं बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. टीएसएच म्हणजे मेंदूकडून ग्रंथीला आलेली हाक. ग्रंथी सुस्त असेल तर हाक मोठी होते. म्हणून आकडा वाढला, तर बहुतेक वेळा रस कमी पडलेला असतो.

रस कमी असेल तर डॉक्टर रोजची गोळी देतात. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा अर्ध्या ते एक तासानं. आम्हाला ठाऊक आहे, चहाशिवाय धारेला बसणं जड जातं. म्हणून उठल्या उठल्या गोळी घ्या, धारा काढा, मग चहा. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, मध्ये चार तास जाऊ द्या. नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, आणि आपण म्हणतो औषधाला गुण नाही.

गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. आयोडीनचं मीठ घरात हवंच, पण ते गोळीची जागा घेत नाही.

दिवस गेले तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. "गरोदरपणात औषध नको" असा सल्ला सासूबाई मायेनंच देतात, पण ही गोळी चालू ठेवायची असते, उलट बऱ्याचदा वाढवावी लागते. पहिले काही महिने बाळाच्या मेंदूला लागणारा हा रस आईकडूनच मिळतो. बाळंतपणानंतर बाळाचीही टीएसएच तपासणी करायला सांगा. दोष असला आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर बाळाची वाढ इतर मुलांसारखीच होऊ शकते.