तपासणीचा दिवस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेची तपासणी आठवते? आदल्या दिवशी आपण जाळी-जळमटं काढायचो, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहायचो. हुशार मुलं पहिल्या बाकावर. मी अर्थातच शेवटच्या. एकदा साहेब थेट माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "पावसात इथे गळतं का रे?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. पुढच्या पावसाळ्याआधी कौलं बदलली गेली.

मदत देणाऱ्या देशाचा मंत्री काम पाहायला येतो, तेव्हा मला तो दिवस आठवतो.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी जपानचे वाहतूकमंत्री हिरोमासा नाकानो आपले रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्यासोबत सुरत आणि मुंबईत बुलेट ट्रेनचं काम पाहून गेले. हे काम आपल्या दारातलंच. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा ठाण्याच्या खाडीखालून येऊन शिळफाट्याला बाहेर पडतो. ठाण्याचं स्थानक दिव्याजवळ म्हातार्डीला होतंय. यासाठी जपानने सुमारे ८८ हजार कोटींचं कर्ज देऊ केलं : व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. अटी सवलतीच्या आहेत, पण कर्ज ते कर्जच. आज पहिलीत असलेलं मूल पंचेचाळीस वर्षांचं होईल, तेव्हाही हप्ते चालू असतील.

आपण नुसते घेणारे नाही, देणारेही आहोत. अफगाणिस्तानात झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधला. त्या कामात भारतीय आणि अफगाण अशा दोघांचेही जीव गेले. जानेवारी २००९ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी तिथे जाऊन तो सुपूर्द करून आले. म्हणजे त्या दिवशी साहेब आपण होतो. २०२१ मध्ये तिथलं सरकार बदललं. सोहळ्याचे यजमान गेले, रस्ता तिथल्या माणसांपाशी राहिला.

म्हणून पाहुण्याने विचारायचं ते त्या माणसांना. याचं उदाहरण आपल्याच लोकलच्या प्रकल्पात आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. पांढऱ्या-जांभळ्या गाड्या त्यातूनच आल्या. पण रुळांकाठची आणि रस्त्यांच्या आड येणारी हजारो कुटुंबं, दुकानं हलवावी लागली. २००४ मध्ये विस्थापितांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या. मंडळाने त्यांचं ऐकलं. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले आणि सुधारणा मान्य झाल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू केले. शेवटच्या बाकावरच्यांनी तोंड उघडलं आणि कुणीतरी ते ऐकून घेतलं, म्हणून हे घडलं.

आपल्यापैकी कुणी सरकारी खात्यांत आहेत, कुणी बँकांत, कुणी परदेशी कंपन्यांत. कधी ना कधी आपणही 'साहेब' म्हणून कुठेतरी जातो. तेव्हा हारतुरे झाले की जरा मागे जाऊन बघा.

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी साहेब गेल्यावर आता मार बसणार, म्हणून मी हात पुढे केला होता. तुम्ही म्हणालात, "खरं बोललास. बस खाली."

बाई, बसतो.